गावरान सीताफळाचं चांगलं झाड: निवड, कलम आणि सांभाळ

गावरान सीताफळ ही काही एकच एक जात नव्हे. दिवे घाटाच्या माथ्यावर, सासवड-जेजुरीच्या माळांवर, सिंहगडाच्या पायथ्याच्या बांधांवर आणि पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या परसात जी झाडं दिसतात, ती बहुतेक बियांपासून आलेली आहेत. कुणी फळ खाऊन बी टाकलं, ते पावसात रुजलं, एवढीच त्यांची जन्मकथा. म्हणून प्रत्येक झाडाचा गुण निराळा. एकाचा गर रवाळ आणि सुवासिक, तर चार पावलांवरच्या दुसऱ्याचा पिठूळ. एकाची फळं झाडावरच तडकतात, दुसऱ्याची दिवाळीपर्यंत धड राहतात.

यातलं चांगलं झाड एकदा गेलं की गेलं. बंगल्याचा पुनर्विकास होतो, रस्ता रुंद होतो, माळाचे प्लॉट पडतात, आणि घरातल्या तीन पिढ्यांनी खाल्लेलं फळ संपतं. त्याचं बी पेरलं तर सीताफळ येईल, पण तेच सीताफळ येणार नाही. तेच हवं असेल तर कलम करावं लागतं, आणि हे काम घरच्या घरी जमण्यासारखं आहे. सगळं मिळून पावणेदोन वर्षं धरा. एका हंगामात झाड हेरायचं आणि बी साठवायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर बी पेरून खुंट, म्हणजे ज्यांच्यावर कलम बांधायचं ती रोपं, वाढवायचे. खुंट वाढत असताना दुसरा हंगाम येतो, त्यात त्याच झाडाची पुन्हा परीक्षा घ्यायची. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये कलम बांधायचं आणि पावसाळ्यात लावायचं. बी पेरल्यावर जो काळ नुसता थांबण्यात गेला असता, तोच झाडाची खात्री करून घेण्यात जातो, हे या कामाचं सोयीचं अंग आहे.

गावरान कशाला म्हणायचं

सीताफळाचं शास्त्रीय नाव ॲनोना स्क्वामोसा. मूळ उष्ण अमेरिकेतलं हे झाड पोर्तुगीजांच्या काळात इकडं पोचलं असं बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या माळावर ते इतकं पसरलं यामागं दोन कारणं आहेत. पानांना उग्र वास आणि कडवट चव असल्यानं शेळ्या-गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराऊ डोंगरावरही ते वाचतं. आणि उन्हाळ्याआधी पानं झाडून टाकून ते पाण्यावाचून तगतं. पुरंदर तालुका पर्जन्यछायेतला, जमीन मुरमाड. तिथं हे झाड रमलं यात नवल नाही.

बाजारात मात्र गावरानच्या शेजारी आता बऱ्याच जाती मांडलेल्या असतात. बाळानगर ही तेलंगणातली जुनी निवड महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं फुले पुरंदर आणि फुले जानकी दिल्या. अंजीर आणि सीताफळावर काम करणारं या विद्यापीठाचं केंद्र पुरंदरमध्येच, जाधववाडीला आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांची एनएमके-०१ म्हणजे लोकांच्या तोंडी ‘गोल्डन’. तिचं फळ मोठं, डोळे पसरट, बिया कमी आणि काढणीनंतर ती बराच काळ टिकते. लांबच्या बाजारपेठेसाठी माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याला ती परवडते, त्यात गैर काही नाही.

गावरानचं फळ साधारण दीडशे ते अडीचशे ग्रॅमचं. डोळे उठावदार, दोन डोळ्यांमधल्या खाचा खोल. बिया भरपूर. पिकल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, म्हणून व्यापारी त्याला नाक मुरडतात. पण गराला खडीसाखरेसारखा रवा असतो आणि सुगंध खोलीभर पसरतो. हा रवा आणि हा वास मोठ्या, टिकाऊ फळांत मला तसा कधी सापडला नाही. सासवडच्या बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईंना “मावशी, बागेतलं का डोंगराचं?” असं विचारलं की त्या खरं तेच सांगतात. डोंगराचं फळ लहान दिसलं तरी घेऊन बघा, म्हणजे पुढं झाड निवडताना जिभेला माप मिळेल.

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पुरंदरच्या अंजिरालाही त्याच वर्षी. अशा मानांकनानं त्या भागातल्या मालाच्या नावाला संरक्षण मिळतं. तुमच्या परसातलं एक झाड त्यानं वाचत नाही. ते तुम्हालाच वाचवायला हवं.

झाड हेरणं आणि मोजणं

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा हेरण्याचा काळ. घरातल्या, शेजारातल्या, गावाकडच्या माणसांना विचारा, कुठल्या झाडाचं फळ सगळ्यात गोड. प्रत्येक वाडीवस्तीवर असं एखादं नावाजलेलं झाड असतंच. मालकाची परवानगी घ्या, झाडाचा फोटो आणि ठिकाण मोबाइलमध्ये टिपा, खोडावर रंगाचा पट्टा ओढा. पानगळीनंतर सगळी झाडं सारखीच दिसतात, तेव्हा हा पट्टाच कामी येतो.

चव घेण्याआधी झाड उभं कुठं आहे ते बघा. गटाराच्या कडेचं, विहिरीच्या चारीवरचं किंवा उकिरड्याशेजारचं झाड मोठी फळं देतं, पण तो पाण्याचा आणि खताचा गुण आहे. कलमाबरोबर तो येणार नाही. कोरड्या मुरमावर उभं राहूनही चांगलं फळ देणारं झाड मला जास्त भरवशाचं वाटतं.

झाडाच्या चारी बाजूंची मिळून निदान पाच-सहा तयार फळं घ्या. ती एकाच टोपलीत कागदावर, एका थरात पिकू द्या. मग एकेक फळ असं तपासा:

आधी पूर्ण फळाचं वजन करा. फोडून गर, साल आणि बिया वेगळ्या करा आणि तिन्हींचं वजन घ्या. २५० ग्रॅमच्या फळात ११० ग्रॅम गर निघाला तर गराचं प्रमाण ४४ टक्के झालं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो.

बिया मोजा, पण फळामागं किती हे बघू नका; शंभर ग्रॅम गरामागं किती ते काढा. याचं कारण सीताफळाच्या रचनेत आहे. हे एक फळ म्हणजे अनेक लहान फळांचा जुडगा आहे. फुलातल्या प्रत्येक स्त्रीकेसरातून एक पाकळी, म्हणजे एक डोळा तयार होतो, आणि फलन झालं तरच तो भरतो. एखाद्या वर्षी परागीकरण कमी झालं तर बिया कमी दिसतात, पण फळही लहान आणि एका अंगाला दबलेलं निघतं. ‘कमी बियांचं झाड सापडलं’ म्हणून आनंदून जाण्याआधी फळाचा आकार सारखा आहे का ते पाहा.

नंतर खाऊन बघा, आणि एकट्यानं नव्हे, घरच्या तिघाचौघांना द्या. गोडी, वास, रवा, गर पाकळी-पाकळीनं सुटतो की चिकटतो, सालीजवळ वाळूसारखा कचकचीत थर किती आहे, हे लिहून ठेवा. ब्रिक्स, म्हणजे गरातल्या साखरेचं प्रमाण, मोजायचा छोटा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर उत्तम. चांगल्या पिकलेल्या फळाचा आकडा वीसच्या पुढं जातो. नसेल तरी अडत नाही.

शेवटी झाडावर लक्ष ठेवा. पावसाची उघडीप पडून पुन्हा जोराची सर आली की किती फळं तडकतात? काळी पडून वाळलेली फळं फांद्यांवर किती लोंबतात? पिठ्या ढेकूण ही पांढरी, पिठूळ दिसणारी कीड दरवर्षी याच झाडावर जास्त येते का? मला विचाराल तर न तडकणं आणि गर सुटा होणं हे दोन गुण गोडीच्या बरोबरीनं धरावेत. गोड झाडं पुष्कळ असतात. गोड असून धड राहणारं फळ देणारी थोडी.

हे सगळं दुसऱ्या हंगामात पुन्हा करा. दोन्ही वर्षं जे झाड कसोटीला उतरलं, तेच कलमाला घ्या.

खुंट तयार करणं

खुंटासाठी बी कुठल्याही जोमदार, निरोगी गावरान झाडाचं चालतं. सीताफळावर सीताफळच बांधा. बिया धुऊन सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. सीताफळाचं बी टणक कवचाचं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला काही होत नाही.

फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये, थंडी सरल्यावर, बी एक-दोन दिवस पाण्यात भिजवा. पाणी रोज बदला, तरंगणारं बी फेकून द्या. मुळं सरळ खाली जातात म्हणून पिशवी रुंदपेक्षा उंच घ्या. पोयटा माती दोन भाग, वाळू एक भाग, चाळलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग असं मिश्रण भरा. दोन सेंटिमीटर खोल, प्रत्येक पिशवीत दोन बिया. उगवायला तीन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून पिशव्या उलथू नका. दोन्ही उगवल्या तर जोमदार ठेवून दुसरं रोप कात्रीनं कापा. उपटलं तर राहणाऱ्याची मुळं हलतात.

एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. सीताफळाचं बी कधीही कुटू नका, मिक्सरमधून काढू नका. उवांसाठी बियांची पूड केसांना लावण्याची जुनी पद्धत अजून काही घरांत चालते. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, भयंकर आग होते, नजर धूसर होते. असं कुणाचं झालंच तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्यानं धुऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या.

कलम बांधणं

पुण्यात जानेवारी-फेब्रुवारीत सीताफळाची पानं पिवळी पडून गळतात आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून फांदीवरचे डोळे, म्हणजे नव्या फुटीचे कोंब, फुगायला लागतात. डोळा फुगलाय पण फुटलेला नाही, ही वेळ पकडायची. यालाच सगळं यश बांधलेलं आहे.

निवडलेल्या झाडाची काडी कापून ती खुंटावर बांधायची असते. सीताफळाच्या काडीत एक खुबी आहे. आंब्यासारखा डोळा पानाच्या बगलेत उघडा दिसत नाही. तो पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. देठ गळल्याशिवाय तो बाहेर येत नाही आणि फुगतही नाही. म्हणून ज्या काड्या घ्यायच्या त्यांच्यावर पानं शिल्लक असतील तर आठ-दहा दिवस आधी पान कापा आणि देठ तसाच ठेवा. देठ आपोआप गळून पडतो, खालचा डोळा मोकळा होतो. घाईनं देठ ओरबाडला तर डोळाच निघून येतो.

काडी मागच्या हंगामातली, पक्व, करड्या रंगाची, पेन्सिलीएवढी जाड आणि दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळ्यांची घ्या. उन्हातल्या बाजूच्या, नुकत्याच फळलेल्या निरोगी फांदीवरून सकाळी कापा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, गाडीच्या डिकीत उन्हात तापू देऊ नका, आणि शक्यतो त्याच दिवशी बांधा. कुठल्या झाडाची काडी हे चिठ्ठीवर लगेच लिहा. घरी पोचेपर्यंत सगळ्या काड्या एकसारख्या दिसायला लागतात.

पाचर कलम ही यातली सोपी पद्धत. ब्लेड किंवा कलमाचा चाकू नवा, धारदार हवा, आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटनं पुसायचा.

१. खुंट जमिनीपासून पंधरा ते वीस सेंटिमीटरवर सपाट कापा. काडी आणि खुंट एकाच जाडीचे निवडा.

२. खुंटाच्या कापावर मधोमध तीन-चार सेंटिमीटर खोल उभी चीर द्या.

३. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचा उतरता काप घेऊन पाचर करा. प्रत्येक बाजूला एकाच ओढीत काप यावा. दोन-तीनदा तासलं की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि जोड बसत नाही. आधी वाया जाणाऱ्या फांद्यांवर हात बसवून घ्या.

४. पाचर चिरेत बसवा. सालीखालचा हिरवट थर निदान एका बाजूनं दोन्हींचा जुळलाच पाहिजे. काडी बारीक असेल तर मध्यावर न बसवता एका कडेला लावा.

५. कलमपट्टीनं खालून वर घट्ट गुंडाळा, चिरेचं टोक उघडं राहता कामा नये.

६. काडीवर पेप्सीकोल्याची अरुंद पारदर्शक पिशवी टोपीसारखी घालून खाली सैल बांधा. आत ओलावा राहतो, काडी सुकत नाही.

कलमं ५० टक्के शेडनेटखाली किंवा झाडाच्या पातळ सावलीत ठेवा. पुण्याचं मार्च-एप्रिलचं ऊन कोरडं असतं, तेव्हा मातीला ओल हवी, पण चिखल नको. दोन ते चार आठवड्यांत डोळे फुटतात. पिशवीच्या आत पानं टेकायला लागली की संध्याकाळी टोपी काढा. खुंटावर जोडाच्या खाली येणारी प्रत्येक फूट बोटानं मोडा. हे महिनोन्‌महिने करावं लागतं. खुंटाची फूट सोडली तर ती वरच्या काडीला उपाशी मारते आणि तुमच्या हाती पुन्हा बिनओळखीचं झाड राहतं. पट्टी दोन-अडीच महिन्यांनी, जोड भरलेला दिसल्यावर, ब्लेडनं उभी कापून काढा.

एका झाडाची किमान दहा कलमं बांधा. हात नवा असेल तर निम्मी जातील असं गृहीत धरा.

लावण, आणि एकाच ठिकाणी सगळं न ठेवणं

जून-जुलैत एक-दोन दमदार पाऊस झाल्यावर लावा. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल. निचरा महत्त्वाचा. हडपसर-लोणीच्या बाजूला भारी काळी जमीन असेल तर खड्ड्यात मुरूम मिसळा आणि रोप उंचवट्यावर लावा. पाणी साचलेलं सीताफळाला अजिबात सोसत नाही. दोन झाडांत पाच मीटर अंतर ठेवलं तर एकरी १६० झाडं बसतात. परसात एक-दोन लावणाऱ्यानं फक्त भिंतीपासून दोन-अडीच मीटर सोडावेत. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. गच्चीवर मोठ्या ड्रममध्येही जमतं, कारण कलमी झाड फार मोठं होत नाही आणि तिसऱ्या वर्षापासून फळ देतं. पहिल्या दोन वर्षांत आलेली फुलं तोडा.

जगलेली कलमं तीन वेगवेगळ्या जागी लावा: एक स्वतःकडं, एक गावाकडं, एक अशा माणसाकडं ज्याला झाडाची कदर आहे. प्रत्येकाला नाव द्या आणि वहीत नोंद ठेवा की मूळ झाड कुठलं, कलम कोणत्या वर्षी बांधलं, खुंट कशाचा. झाडाचे गुण खरोखर वेगळे असतील आणि कलमांतही तसेच उतरत असतील, तर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावानं नोंदवता येतो. तेव्हा ही वही आणि दोन हंगामांची वजनं उपयोगी पडतात.

बहार

झाडाला पाण्याचा ताण बसला, पानं गळाली, मग पाणी मिळालं की नवी फूट येते आणि तिच्याबरोबर फुलं येतात. बागायतदार जानेवारीनंतर छाटणी करून पाणी सोडतात आणि उन्हाळी बहार धरतात, म्हणजे माल जून-जुलैपासून बाजारात येऊन चांगला भाव मिळतो. घरच्या झाडाला हा खटाटोप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत फुलं गळतात आणि पाणीही फार लागतं. पावसाळी बहार नैसर्गिक आहे: जूनच्या पावसावर फुलं धरतात, फुलापासून काढणीला सुमारे चार महिने लागतात, आणि फळं दसऱ्या-दिवाळीला हाती येतात. गावरानची खरी चव याच फळांना असते.

शहरातल्या बऱ्याच झाडांना फळ धरत नाही, त्यामागं बहुतेकदा ताणाचा अभाव असतो. हिरवळीला रोज पाणी, शेजारच्या झाडाला पाणी, आणि सीताफळाची पानं मार्चमध्येही हिरवीगार. असं झाड नुसतं वाढत राहतं. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याचं पाणी तोडा. पानं गळली की वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या, आतल्या बाजूला वाढणाऱ्या फांद्या काढा, मधोमध ऊन शिरेल अशी जागा करा. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी या प्रमाणात. घरापुरती शंभर-शंभर ग्रॅमची पुरते. मोरचूद आणि चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवा. मिश्रण झाल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला.

पावसाच्या तोंडावर झाडाच्या घेराखाली दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत आणि पाचोळ्याचं आच्छादन द्या. फळं फुगत असताना पावसानं ओढ दिली तर आठवड्यातून एकदा पाणी द्यायचं. अशा वेळी माती पार सुकू दिली आणि मग अचानक पाऊस लागला की फळं तडकतात.

हातानं परागीकरण

झाड फुलांनी भरतं आणि फळं मात्र शंभरामागं मोजकीच धरतात, ही तक्रार सगळ्यांची असते. याचं कारण फुलाच्या घडणीत आहे. सीताफळाचं फूल खाली मान घालून लोंबतं, तीन जाड हिरवट पाकळ्या, आत मध्यभागी स्त्रीकेसरांचा शंकू आणि त्याच्या बुडाशी पुंकेसरांचं कडं. एकाच फुलात दोन्ही असूनही त्यांची वेळ जुळत नाही. आधी मादी अवस्था येते: पाकळ्यांची टोकं जराशी विलगलेली, आतला शंकू ओलसर, चमकदार. नंतर नर अवस्था: पाकळ्या पुरत्या पसरतात, शंकू सुकतो आणि पराग सुटतात. पराग सुटेपर्यंत त्याच फुलाची मादी अवस्था संपलेली असते. निसर्गात हे काम अगदी बारीक भुंगेरे करतात, आणि शहरात ते सगळीकडं पुरेसे नसतात.

तेव्हा आपण हे काम असं करायचं. संध्याकाळी उमलण्याच्या बेतात असलेली, फुगलेली आठ-दहा फुलं तोडून घरात कागदावर पसरा. सकाळपर्यंत ती उघडतात आणि पुंकेसर सुटे होतात. हलके झटकून एका वाटीत पराग गोळा करा. सकाळी नऊच्या आत, ऊन चढायच्या आधी, झाडावरची अर्धोन्मीलित फुलं शोधा. एका हाताच्या बोटांनी पाकळ्या हळूच बाजूला धरा, मऊ बारीक ब्रशवर पराग घेऊन शंकूभोवती गोल फिरवा. सगळ्या अंगांना पराग लागले पाहिजेत, नाहीतर फळ वाकडं होतं. झालेल्या फुलाला रंगीत दोरा बांधा. पराग फार काळ टिकत नाहीत, दुपारसाठी ठेवू नका. पाकळ्या गळून आठवड्याभरात मागं हिरवी, फुगत जाणारी गाठ राहिली की फळ धरलं.

परागीकरण जमायला लागलं की मोह आवरावा लागतो. तिसऱ्या वर्षीच्या झाडावर दहा-पंधरा फळं पुष्कळ झाली. जास्त ठेवली तर काही फळं वाढ खुंटून दगडासारखी टणक, तपकिरी होऊन फांदीवरच राहतात.

कीड आणि काळी फळं

मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. तो डोळ्यांच्या खाचांत बसतो, आणि मुंग्या त्याला फांदीफांदीवर नेतात. मुंग्या रोखल्या की निम्मं काम झालं. खोडाभोवती प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा, सालीवर थेट नको. सुरुवातीचा प्रादुर्भाव जुन्या टूथब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं निघतो. पुढं लिटरला पाच मिली निंबोळी तेल थोड्या द्रव साबणात मिसळून फवारा. पण फवारणीआधी नीट बघा: पांढऱ्या मेणकट तंतूंनी झाकलेली, झपझप चालणारी अळी दिसली तर ती क्रिप्टोलिमस या मित्रकीटकाची असते. ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते आणि त्यालाच खाते. ती असेल तर हात आवरा.

फळमाशी आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी फळ लिंबाएवढं झालं की कापडी किंवा कागदी पिशवी चढवा. काळी, वाळलेली फळं झाडावर ठेवू नका. ती वेचून जमिनीत पुरा. त्यांतूनच पुढच्या वर्षी बुरशी येते.

काढणी आणि गर

फळाचा गडद हिरवा रंग फिकट, पिवळसर झाला, दोन डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून त्यात मलईसारखा किंवा गुलाबी रंग दिसू लागला, म्हणजे डोळे उघडले. तेव्हाच काढायचं, थोडा देठ ठेवून, कात्रीनं. आधी काढलेलं फळ मऊ पडेल पण गोड होणार नाही. झाडावर पिकू दिलं तर पाखरं आणि खारी ठेवत नाहीत. काढलेलं फळ घरात दोन ते चार दिवसांत पिकतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीनं साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. पिकल्यावर एखाद दिवस ठेवलं तर चालतं.

बासुंदी किंवा रबडी करताना गर दुधात घालून उकळू नका. उष्णतेनं सीताफळाच्या गराला कडवटपणा येतो आणि रंगही बिघडतो. दूध आटवून पूर्ण गार होऊ द्या, मगच गर मिसळा. बिया काढायला मिक्सर लावू नका. गर मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर घेऊन लाकडी पळीनं हलकेच फिरवला की बिया वर राहतात आणि रवाही मोडत नाही. वर्षभरासाठी ठेवायचा असेल तर गर निघाल्याबरोबर थोडं लिंबू पिळून, पिशवीतली हवा काढून, एका वेळेला लागेल एवढ्याच पुड्या करून डीप फ्रीझरमध्ये टाका. वापरताना पुडी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू वितळू द्या, आणि एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवू नका.